नाव भाच्याच्या खात्यात, स्टुडिओ मामाचा

पत्र थोडक्यात असं : लिहिणारे फोंडा तालुक्यातले पन्नाशीचे छायाचित्रकार आहेत. वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ ते चालवतात. लग्न, मुंज, जत्रा, चवथीच्या माटोळ्या, देवळांची दृश्यं असं काम. चारेक वर्षांपूर्वी भाच्याने हौसेने स्टुडिओच्या नावाचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन दिलं, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डाने. त्यावर स्टुडिओचा ईमेल सुरू झाला, वेबसाइट मात्र राहून गेली. आता भाचा तारवटी आहे, क्रूझवर. महिना महिना धड बोलणं होत नाही. यंदाच्या पावसाळ्यात यांनी छायाचित्रांसाठीच्या एका तयार वेबसाइट सेवेचे वर्षाचे पैसे भरले, मनासारख्या गॅलऱ्या लावल्या आणि भाच्याने फोनवर सांगितलेला पासवर्ड वापरून डोमेन जोडायचा प्रयत्न केला. नावापुढे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलं की साइट उघडते, नुसतं नाव टाकलं की डोमेन कंपनीचं जाहिरातींचं पान येतं. सेवेचे मदतनीस म्हणतात, नेमसर्व्हर बदला. शेजारचा कंप्युटरवाला म्हणतो, बदललात तर मेल बंद पडेल. डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पत्नी म्हणते, इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक येतंच आहे, सोडून द्या. मुलगी म्हणते, नवं नाव घ्या. आणि यांच्या मनात खरी अडचण वेगळीच आहे : "डोमेन माझ्या नावावर कर असं भाच्याला सांगितलं तर बहिणीला वाटेल, मामाचा आमच्यावर विश्वास नाही. काय करू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन गाठी आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक यंत्रातली : नाव आणि वेबसाइट यांची जोडणी अर्धवट राहिली आहे. ती अर्ध्या तासात सुटेल. दुसरी घरातली. तिला एक निरोप पुरे आहे, पण तो निरोप तुम्ही कित्येक महिने लांबणीवर टाकलाय. मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, म्हणून आधी या घरातल्या गाठीबद्दल लिहिते.

'मागितलं तर अविश्वास वाटेल' हे तुम्ही अगदी ठरून गेल्यासारखं लिहिलंय. जरा भाच्याच्या जागी उभं राहून बघा. तो समुद्रात आहे. मुदत संपत आल्याच्या सूचना डोमेन घेताना दिलेल्या ईमेलवर येतात. डॉट कॉमच्या बाबतीत साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक, अशा त्या पाठवाव्याच लागतात. तो ईमेल कॉलेजच्या दिवसांतला असेल तर तो आज उघडत असेल का? ओटीपी येतो गोव्यातल्या सिमकार्डावर, आणि त्याला समुद्रात रेंज नाही. पैसे आपोआप कापले जातील असं तो धरून चालला असेल, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून परत परत कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते. त्याच्याआधी कार्ड जोडून निर्धास्त राहिलेल्या कितीतरी लोकांची परदेशी कंपन्यांची वर्गणी त्यानंतर गुपचूप अडली. म्हणजे तुमच्या स्टुडिओच्या नावाची राखण त्याच्या डोक्यावर आहे आणि ती करायला लागणारं एकही साधन त्याच्या हाताशी नाही. उद्या नाव गेलं तर घरातले बोट कोणाकडे दाखवतील? त्याच्याकडेच. हे ओझं उतरवून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. तुम्ही मामा आहात, त्याला यातून सोडवणं तुमचं काम आहे.

गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, यातली धाकधूक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी सोसली आहे. भला भाटकार, म्हणजे जमीनमालक, असेल तर त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराचं आयुष्य सुखात जायचं. पण तो गेला, त्याची मुलं आली, वाटण्या झाल्या, जमीन विकायला निघाली, की भलेपणाचा आधार संपायचा. म्हणून १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. सगळे भाटकार वाईट होते म्हणून तो झाला नाही, नुसत्या चांगुलपणावर घर उभं ठेवता येत नाही म्हणून झाला. तुमचा भाचा गुणी आहे यात मला शंका नाही. पण खात्यावर त्याचं नाव आहे आणि स्टुडिओ तुमचा आहे, ही स्थिती दोघांसाठीही बरी नाही.

आणखी एक. डोमेन 'विकत घेतलं' असं आपण बोलतो, ते तसं नसतं. ते मुदतीवर घेतलेलं असतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं आणि आकार भरत राहाल तोवरच ते तुमच्याकडे राहतं. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर जसं नाव बघतो तसं इथे नोंदीतला धारक कोण, त्याचा ईमेल कोणता आणि मुदत कोणत्या तारखेला संपते हे बघायचं असतं. 'हूइज' या डोमेनच्या जाहीर नोंदीत शोधून मुदतीची तारीख आणि डोमेन कंपनी कोणालाही बघता येते. धारकाचं नाव हल्ली बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं, ते खात्यात शिरूनच दिसेल.

काणकोणातल्या एका ओळखीच्या कुटुंबाची गोष्ट मला विसरता येत नाही. चार खोल्यांचं साधं अतिथिगृह. वेबसाइट करून देणाऱ्या माणसाने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं होतं, वाईट हेतूने नव्हे, तशी सवयच असते. पुढे त्याने तो धंदा सोडला, फोन बदलला आणि एका मे महिन्यात नावाची मुदत संपली. कोणा परक्याने ते नाव उचललं आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती लावल्या. दर हिवाळ्यात येणारे म्हातारे पाहुणे जुना पत्ता उघडायचे आणि दचकायचे. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, "आमच्या दारावर कोणीतरी घाण लावून गेलंय आणि आम्हाला ती पुसताही येत नाही." तुमच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर हाच पत्ता छापलेला आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगितलं.

मुदत संपली की नाव त्याच दिवशी जात नाही, हा दिलासा आहे. पण साइट आणि मेल लगेच थांबू शकतात. बहुतेक डोमेन कंपन्या पुढचे काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर डॉट कॉमला ३० दिवसांचा एक काळ असतो, त्यात नाव सोडवून घ्यायला बरेच जास्त पैसे पडतात. मग ५ दिवस, आणि मग ते कोणालाही खुलं. तुमच्यावर ही वेळ यायची गरज नाही, फक्त आता क्रम चुकवू नका.

क्रम असा. पहिल्यांदा नूतनीकरण, बाकी सगळं नंतर. भाच्याच्या खात्यातच, आहे तिथेच, निदान दोन वर्षांसाठी पैसे भरले जाऊ देत. पैसे तुमचे. पुष्कळ जण इथे चुकतात : मुदत तोंडावर आली असताना नाव एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे न्यायला जातात. त्याला कुलूप उघडावं लागतं, संकेतशब्द मागवावा लागतो, त्याचा ईमेल धारकाकडे जातो, त्यात चार-पाच दिवस जातात, आणि मधेच काही अडलं तर मुदत संपते. तुम्हाला कंपनी बदलायचीच नाहीये. त्याच कंपनीत तुम्ही तुमचं स्वतःचं खातं उघडा आणि भाच्याला त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात नाव सरकवायला सांगा. एकाच कंपनीतल्या दोन खात्यांमधला हा बदल सहसा फुकट असतो आणि डोमेनच्या नोंदी, ज्यांवर तुमचा मेल वगैरे चालतो, आहेत तशाच राहतात. तरी सरकवण्याआधी कंपनीला तेवढं विचारून घ्या. धारकाचं नाव बदललं की कधी कधी ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. त्याने साइटला काही होत नाही, त्याची चिंता नको.

तो जानेवारीत घरी येईपर्यंत हेही जमत नसेल तर मधला मार्ग आहे. अनेक कंपन्यांत खातेदार दुसऱ्याला आपल्या डोमेनची व्यवस्था बघायची परवानगी देऊ शकतो. तो ती देईल, तुम्ही तुमच्या पासवर्डने शिराल, त्याचा पासवर्ड वापरावा लागणार नाही. फोनवर सांगितलेल्या पासवर्डने तुम्ही आत शिरलात हे मला आवडलेलं नाही. तो पासवर्ड त्याने आणखी दोन ठिकाणी वापरला असणार. ही परवानगी मिळाली की त्याला तो बदलायला सांगा.

मुलीचा पर्याय, नवं नाव घ्यायचा, मी खोडून काढत नाही. भाच्याचा पत्ताच लागत नसता किंवा तो नाही म्हणाला असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण तुम्ही अजून त्याला विचारलेलंच नाही. चार वर्षांच्या अल्बमवर, दुकानाच्या पाटीवर, बँकेत दिलेल्या ईमेलवर हे नाव आहे. वडिलांनी स्टुडिओला आपल्या आईचं नाव दिलं होतं हेही तुम्ही सहज लिहून गेलात. एका संकोचापायी ते नाव सोडणार?

निरोप कसा पाठवायचा, ते लिहून देते. घरी तुम्ही कोंकणीत बोलत असाल, तर तुमच्याच शब्दांत लिहा :

"बाळा, तू घेऊन दिलेल्या नावावर आता खरंच वेबसाइट उभी राहिली. तुझ्यामुळे ते नाव आपल्याला मिळालं, नाहीतर कोणीतरी घेतलं असतं. त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तुला बोटीवरून हे सगळं बघायला लावणं बरोबर नाही, आता ते मी सांभाळतो. पुढच्या बंदरात नेट मिळालं की दोन वर्षांचे पैसे भर आणि नाव माझ्या खात्यात पाठव. मी खातं उघडून ठेवलंय, ईमेल खाली देतो. आजवर तू किती भरलेस ते कळव."

शेवटचं वाक्य गाळू नका. चार वर्षांचा आकार त्याने स्वतःच्या खिशातून भरलाय आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. आणि हाच निरोप बहिणीला आधी वाचून दाखवा. तिला तो दुसऱ्याकडून कळला तरच टोचेल.

आता यंत्रातली गाठ. इथे मदतनीस आणि शेजारचा कंप्युटरवाला दोघेही खरं बोलतायत, म्हणूनच तुम्ही गोंधळलात.

प्रत्येक डोमेनमागे एक वही असते, तिला डीएनएस म्हणतात. तिच्यात ओळी असतात. 'ए रेकॉर्ड' म्हणजे हे नाव अमुक आकडी पत्त्यावर आहे. 'सीनेम' म्हणजे हे नाव त्या दुसऱ्या नावाकडे बघा. 'एमएक्स' म्हणजे टपाल कुठे टाकायचं. 'टीएक्सटी'मध्ये इतर खुणा, त्यात तुमच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कोणाला आहे हेही असतं. आणि नेमसर्व्हर म्हणजे ही वही कोणाच्या कपाटात ठेवली आहे ते. तुम्ही नेमसर्व्हर बदललेत तर जग नव्या कपाटातली वही वाचायला लागेल. त्या नव्या वहीत वेबसाइटच्या ओळी बरोबर असतील, पण एमएक्सची ओळ कोणी उतरवून घेतलेली नसेल. मेल त्या क्षणापासून हरवायला लागेल, आणि वाईट म्हणजे तुम्हाला लगेच कळणारही नाही. लग्नाची चौकशी करणाऱ्याला वाटेल, यांनी उत्तरच दिलं नाही.

म्हणून नेमसर्व्हरला हात लावू नका. आहे त्याच वहीत दोन ओळी बदलायच्या आहेत.

साइट अर्धीच का उघडते? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव आणि नुसतं नाव ही आपल्याला एकच वाटतात, यंत्राला ती दोन वेगळी नावं आहेत. तुम्ही पहिल्यावर सीनेमची ओळ घातलीत, ते बरोबर केलंत. नुसत्या नावावर अजून डोमेन कंपनीने सुरुवातीला घातलेला ए रेकॉर्ड आहे, तो जाहिरातींच्या पानाकडे नेतो. मग तिथेही सीनेमच घालू का, असं तुम्ही विचारलंय. घालू नका. १९८७ साली या व्यवस्थेचे नियम लिहिले गेले तेव्हापासूनचा नियम आहे : ज्या नावावर सीनेम आहे त्यावर दुसरी कुठलीच ओळ राहू शकत नाही. नुसत्या नावावर तर नेमसर्व्हरच्या ओळी असतातच, तुमच्या बाबतीत टपालाचीही आहे. काही कंपन्यांचं पान तुम्हाला तिथे सीनेम लिहूच देत नाही, आणि जिथे लिहू देतं तिथे मेल बिघडायची भीती असते. म्हणून नुसत्या नावासाठी वेबसाइट सेवेकडून आकडी पत्ते मागा आणि ते ए रेकॉर्ड म्हणून घाला. सेवा आकडी पत्ते देत नसेल तर डोमेन कंपनीची 'फॉरवर्डिंग'ची सोय वापरून नुसतं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे वळवा. फॉरवर्डिंगमध्ये एक खोच आहे : काही कंपन्या ते कुलूपबंद, म्हणजे 'एचटीटीपीएस', पत्त्यासाठी करत नाहीत आणि हल्लीचे ब्राउझर आधी तोच उघडून बघतात. जोडल्यावर तोही तपासा.

हात घालण्याआधी वहीच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. तुमच्यासारख्या माणसाला हे सांगणं म्हणजे तारवट्याला पोहायला शिकवणं, पण लोक नेमकं हेच करत नाहीत. काही चुकलं तर फोटो बघून मागे येता येतं.

मग वेबसाइट सेवेच्या सेटिंगमध्ये डोमेन नोंदवलंय ना ते बघा. वहीत ओळ घालून तिकडे नोंदवलं नाही तर सेवेला कळतच नाही की हे नाव कोणाच्या गॅलरीचं. त्यानंतर वहीत '@' खुणेसमोरचा जुना ए रेकॉर्ड काढा आणि नवे घाला. '@' म्हणजे नुसतं नाव. तिथेच 'चार ए'ची (इंग्रजी ए चार वेळा, नव्या धाटणीच्या लांब आकडी पत्त्याची) जुनी ओळ असेल तर तीही काढा, कारण पुष्कळ मोबाइल नेटवर्क तीच आधी बघतात. मग घरच्या वायफायवर साइट दिसते आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जाहिरात, असा प्रकार होतो. सीनेमच्या ओळीत नावाच्या चौकटीत फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एवढंच लिहिलेलं हवं. तिथे पूर्ण पत्ता लिहिला तर बरीच पानं मागे आपणहून डोमेन जोडतात आणि नाव दोनदा लागून बसतं. तुमची ती ओळ चालतेय, म्हणजे बरोबर आहे. माझ्याकडे आलेल्या पत्रांत मात्र ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून इतरांसाठी लिहिलं. एमएक्स आणि टीएक्सटी यांना बोट लावायचं नाही.

बदल केलात की थांबा. प्रत्येक ओळीला आयुष्य असतं, त्याला टीटीएल म्हणतात आणि ते सेकंदांत लिहितात. ३६०० असेल तर जुनी नोंद जगभरच्या यंत्रांच्या आठवणीत तासभर राहते. शक्य असेल तर आदल्या दिवशी ते ३०० करून ठेवा, मग पाच मिनिटांत फरक दिसेल. '४८ तास लागतील' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मुख्यतः नेमसर्व्हर बदलणाऱ्यांसाठी आहे : डॉट कॉमच्या मूळ नोंदीत नेमसर्व्हरचं आयुष्य १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोब्बर दोन दिवस असतं. तुम्ही तो बदलत नाही, तेव्हा एवढी वाट बघावी लागणार नाही. पण दहा-दहा मिनिटांनी नवीन काहीतरी करून बघू नका. मग समोर दिसतंय ते कितव्या बदलाचं फळ, हेच कळेनासं होतं.

नाव उघडायला लागलं तरी पहिला तासभर ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणू शकतो. सेवा आता तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मागवत असते. बहुतेक सेवा ते फुकट आणि आपोआप करतात, वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी कशाचे ते विचारा. हा इशारा जाईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप गटांत साइट पाठवू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नाही तरच मदतनिसांना लिहा, आणि त्यांना वहीचा नवा फोटो सोबत द्या.

इन्स्टाग्रामबद्दल पत्नीचं म्हणणं खोटं नाही. शिगम्याचे रोमटामेळ, माशेलचा चिखलकालो, लईराईची जत्रा यांचे फोटो तिथेच पसरतात आणि नवं गिऱ्हाईक तिथूनच येतं. ते चालू ठेवा. पण तिथला पत्ता तुमचा नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा कितीजणांचे फोटो आणि ओळखी गेल्या ते आठवा. गूगलने छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाइटी दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पुष्कळांच्या कार्डावर तोच पत्ता होता. तुम्ही आज जी तयार सेवा घेतलीत तीही उद्या दर वाढवेल किंवा बंद होईल. तेव्हा स्वतःचं नाव हातात असेल तर वहीतल्या दोन ओळी बदलून तुम्ही दुसरीकडे जाल आणि अल्बमवरचा पत्ता तोच राहील. डोमेनला पैसे द्यायचे ते यासाठी. गोव्याबाहेर, देशाबाहेर गेलेली माणसं दहा वर्षांनी आपल्या लग्नाचा फोटो शोधत येतील तेव्हा हा पत्ता उघडायला हवा.

आणि गॅलरी ही भिंत आहे, कपाट नव्हे. मूळ फायली दोन डिस्कांवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. आपल्या पावसाळ्यात वडिलांच्या निगेटिव्हना बुरशी कशी लागली हे तुम्हीच लिहिलंय.

स्पेलिंगचा प्रश्न तुम्ही ताजा कलम म्हणून टाकलात, पण तो खास आपल्या मुलखातला आहे. इथे डिचोली इंग्रजीत 'बी'ने सुरू होते, साखळीत 'क्यू' असतो, काणकोण 'सी'ने लिहितात. वडिलांनी पाटीवर आजीचं नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलं, भाच्याने डोमेन घेताना आजच्या वळणाने. ऐकून नाव टाकणारा माणूस दोन्ही टाकणार. मुख्य पत्ता भाच्याने घेतलेलाच ठेवा, तो रुळलाय. परवडत असेल तर पाटीवरचं स्पेलिंगही घ्या आणि ते मुख्य पत्त्याकडे वळवून टाका. दोनच पुरेत. कंपनी डॉट इन, डॉट नेट, डॉट फोटोग्राफी असं बरंच पुढे करेल, त्या सगळ्यांचा वर्षाचा आकार कायम मागे लागतो. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, मराठी आणि कोंकणी दोन्हींसाठी. आजीचं नाव देवनागरीत पत्ता म्हणून बघायला मलाही आवडेल, पण त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे नीट पोचत नाही. म्हणून ते हौसेसाठी घ्या, कार्डावर नको.

सगळं झाल्यावर तीन ठिकाणांहून तपासा : घरच्या वायफायवर, वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर, आणि दूर कुठूनतरी. दोन्ही प्रकारे नाव टाकायचं, आणि स्टुडिओच्या ईमेलवर एक मेल पाठवून तो आला का बघायचा. दूरची तपासणी भाच्यावर सोपवा. पुढच्या बंदरात उतरला की त्याने तिथून तुमचं नाव उघडावं, पहिल्या पानावर काय दिसतंय त्याचा फोटो काढून पाठवावा, आणि स्टुडिओच्या पत्त्यावर मामाला चार ओळींचा मेल लिहावा.